काचेच्या घरातला शेजार

आमच्या ठाकुर्लीत रविवारी संध्याकाळी हातात पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी धरून चालणारी मुलं हमखास दिसतात. कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारातून किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या दुकानातून आलेली ही पिशवी कधी कधी आमच्या दारापर्यंत येते, कारण आमच्याकडे बऱ्याच वर्षांपासून फिशटँक आहे. माझ्या पुतण्यांमुळे इमारतीतली सगळीच मुलं मला चाचा म्हणतात. त्यांचा प्रश्नही ठरलेला असतो, ‘चाचा, याच्यासोबत दुसरा कोणता मासा चालेल?’

प्रश्न साधा आहे, पण उत्तर चुकलं तर सकाळी टाकीच्या तळाशी एक मासा उलटा पडलेला असतो आणि घरातलं लहान मूल शाळेत न जाता रडत बसतं. म्हणून आज या शेजाराविषयीच बोलू या. बहुतेक वेळा पिशवीतला मासा ज्या कुळातला असतो, त्याला शास्त्रज्ञ सिक्लिड म्हणतात. दुकानात हे नाव फारसं कोणी घेत नाही. तिथे एंजल, ऑस्कर, डिस्कस, पॅरट, फ्लॉवरहॉर्न अशी नावं असतात. पण मंडळी, ही सगळी एकाच कुळातली भावंडं. आजवर नाव दिलेल्या त्यांच्या जाती सतराशेहून अधिक आहेत. भिगवणच्या बाजारात ढिगाने दिसणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, हीसुद्धा याच घराण्यातली.

आपल्याला वाटतं, हे सगळे परदेशी पाहुणे. मूळ मुलूख पाहिला तर बरेचसे आफ्रिकेतले आणि अमेरिका खंडातले आहेतच. पण भारताचेही स्वतःचे तीन सिक्लिड आहेत. गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन, तो त्यांतला थोरला. केरळने २०१० मध्ये त्याला राज्यमाशाचा मान दिला. त्याच्या शास्त्रीय नावात आपलं सुरत शहर आहे. जर्मन अभ्यासक ब्लॉख यांनी १७९० मध्ये त्याचं नाव ‘सुरतेन्सिस’ असं ठेवलं. दुसरा त्याचा धाकटा भाऊ, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला नारिंगी रंगाचा, जेमतेम तीन इंचांचा ऑरेंज क्रोमाइड. तिसरा कर्नाटकातल्या नद्यांत राहणारा. या नारिंगी भावाकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण शेजाराबद्दल त्याने शास्त्रज्ञांना बरंच काही शिकवलं आहे.

आधी या घराण्याचा स्वभाव समजून घेऊ. सिक्लिड हा संसारी मासा आहे. पुष्कळ मासे अंडी घालतात आणि निघून जातात. सिक्लिड तसं करत नाही. तो दगड साफ करतो, अंड्यांवर पंखांनी वारा घालतो, पिल्लांना घेऊन फिरतो. काही जातींत तर आई अंडी तोंडात धरून ठेवते आणि ती उबेपर्यंत जवळजवळ उपाशी राहते. आता ज्याला संसार आहे, त्याला घर लागतं, आणि ज्याला घर आहे, त्याला कुंपण लागतं. तुम्ही टाकीत सजावट म्हणून ठेवलेली कुंडी त्याच्या लेखी सातबाऱ्यावर चढलेली असते. तिथे दुसरा कोणी आला की भांडण ठरलेलं. म्हणजे आपण ज्याला मारकुटेपणा म्हणतो, ती पुष्कळदा घरादाराची काळजी असते.

तेव्हा सोबती निवडताना चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात : पाणी, तोंड, जागा आणि स्वभाव.

पाणी आधी. मलावी आणि टांगानिका ही आफ्रिकेतली मोठी सरोवरं. तिथल्या निळ्या-पिवळ्या सिक्लिडना जड, क्षारयुक्त पाणी मानवतं. त्याचा पीएच पावणेआठ ते साडेआठच्या आसपास असतो. याउलट अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या डिस्कसला मृदू, किंचित आम्लधर्मी आणि अठ्ठावीस ते तीस अंश इतकं उबदार पाणी लागतं. हे दोघे एका टाकीत भांडले नाहीत तरी एकाची तब्येत बिघडणारच. डिस्कसबरोबर गोल्डफिश ठेवणं हाही तसाच प्रकार. गोल्डफिशला थंडावा हवा, शिवाय तो टाकी लवकर घाण करतो. आपल्याकडे एकाच इमारतीत नळाचं पाणी वेगळं आणि बोअरवेलचं वेगळं असतं. म्हणून मासा आणण्याआधी आपल्या पाण्याचा पीएच आणि जडपणा तपासावा. दुकानात त्याचे किट मिळतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवण्यासाठी अँटीक्लोरीनचे थेंबही वापरावेत.

दुसरी गोष्ट तोंड. नियम असा, की जो मासा तोंडात मावतो, तो सोबती नसतो, जेवण असतं. एंजल पिशवीतून येतो तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढा असतो आणि त्याच्याभोवती निऑन टेट्राचा थवा फार शोभून दिसतो. पण एंजल सहा इंचांपर्यंत वाढतो आणि निऑन दीड इंचाच्या आतच राहतो. काही महिन्यांनी थवा विरळ होऊ लागतो. घरचे म्हणतात, मासे कुठे गेले कळत नाही. कुठे जाणार? शिवाय सिक्लिडच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने पकडायचं आणि आतल्याने भरडायचं, अशी सोय निसर्गाने त्याला दिली आहे.

तिसरी गोष्ट जागा. आपल्याकडच्या दिवाणखान्यात सर्रास दिसणारी टाकी तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच असते. तिच्यात साधारण शंभर लिटर पाणी मावतं. ऑस्कर दोन इंचांचा असताना यात मजेत फिरतो. पण तो फूटभर वाढतो, आणि तोही वर्ष-दीड वर्षात. त्याला किमान चार फुटी, अडीचशे लिटरची टाकी हवी, सोबती ठेवायचे असतील तर त्याहून मोठी. टाकीचं माप आजच्या माशावरून ठरवू नये, त्याच्या पूर्ण वयातल्या लांबीवरून ठरवावं. लहान मुलाला शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, तसंच हे.

चौथी गोष्ट स्वभाव. एंजलचे लांब, झुळझुळीत पंख टायगर बार्बला राहवत नाहीत. तो ते कुरतडतो. विडो टेट्रालाही ही खोड आहे. एंजलसोबत तळाशी राहणारे कोरीडोरास चालतात, शांत स्वभावाची पर्ल गुरामी चालते, अंगाने जरा मोठे टेट्रा चालतात. ऑस्करसोबत त्याच्या तोंडात न मावणारे, चपळ आणि भांडकुदळ नसलेले मासे हवेत. सिल्व्हर डॉलरचा छोटा थवा मोठ्या टाकीत त्याला चांगली सोबत करतो. पॅरट मासा दोन जातींच्या संकरातून निघालेला. त्याचं तोंड नीट मिटत नाही, म्हणून वखवखलेल्या शेजाऱ्यांबरोबर तो उपाशी राहतो. आणि डोक्यावर टेंगूळ असलेला, घरात भाग्य आणतो म्हणून विकला जाणारा फ्लॉवरहॉर्न? तोही माणसाने केलेला संकर, १९९० च्या दशकात मलेशियातून पुढे आलेला. त्याच्या बाबतीत माझं उत्तर मुलांना पाठ झालं आहे, ‘याच्यासोबत फक्त तू.’ तो एकटाच ठेवावा. काचेपलीकडच्या माणसांशी त्याची छान ओळख होते.

‘काच साफ करतो’ म्हणून प्रत्येक टाकीबरोबर खपवला जाणारा सकर मासाही नीट पाहून घ्यावा. तोही फूटभर किंवा जास्त वाढतो आणि रात्रीच्या अंधारात एंजल, डिस्कससारख्या चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडू शकतो. काच साफ करायला आपले दोन हात आणि एक स्पंज पुरेसा असतो.

आता आपल्या नारिंगी भावाकडे येऊ. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणारे कॉनराड लोरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या आक्रमकतेवरच्या पुस्तकात सिक्लिडच्या संसाराचं निरीक्षण आहे. टाकीत जोडीशेजारी दुसरे मासे असतील तर नराचा राग त्यांच्यावर निघतो आणि घरात शांतता राहते. शेजारी काढून घेतले तर तोच नर आपल्या मादीवर उलटतो. पुढे १९६९ मध्ये अ‍ॅन रासा या संशोधिकेने हीच गोष्ट ऑरेंज क्रोमाइडच्या जोड्यांवर तपासली. एकट्या ठेवलेल्या जोड्यांत आपसातली भांडणं वाढली आणि वीण नीट झाली नाही. म्हणजे भांडायला का होईना, शेजारी लागतो! कवीला हे वाचून हसू येतं आणि थोडं गप्पही व्हावंसं वाटतं.

व्यवहारात याचा उपयोग असा, की जोडी ठेवायची तर टाकी मोठी घ्यावी आणि वरच्या थरात पोहणारे चपळ मासे सोबत ठेवावेत. ते मार खात नाहीत, फक्त जोडीचं लक्ष बाहेर ठेवतात. ते निर्धास्त फिरताना दिसले की लाजरे सिक्लिडही लपलेल्या जागेतून बाहेर येतात. मादी दमून कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाशी थांबू लागली, तिचे पंख फाटलेले दिसले, तर मात्र वाट न पाहता मध्ये काच घालून दोघांना वेगळं करावं.

या छोट्या भावाची दुसरी गोष्ट श्रीलंकेतली. वायमन आणि वॉर्ड या दोन संशोधकांनी १९७२ मध्ये लिहिलं, की ऑरेंज क्रोमाइड मोठ्या काळुंदरच्या अंगावरची बुरशी आणि परजीवी टिपून खातो. मोठा मासा त्याच्यासमोर शांत उभा राहतो. पण हाच छोटा साफसफाईवाला संधी मिळताच काळुंदरची अंडी आणि पिल्लंही पळवतो. दिवसा उपकार, विणीच्या दिवसांत चोरी. तेव्हा ‘हे दोन मासे एकमेकांशी जमवून घेतात’ हे वाक्य कायमचं खरं नसतं. ऋतू बदलला, वीण आली, वय वाढलं की नातं बदलतं. टाकीकडे रोज दहा मिनिटं बघण्याला पर्याय नाही.

नवा मासा सोडण्याची एक पद्धत आहे. आधी त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावं, म्हणजे रोग असला तर तिथेच कळतो. मग मोठ्या टाकीतले दगड आणि कुंड्या हलवून मांडणी बदलावी. जुन्या माशांच्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नवे भाडेकरू होतात. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवावी, टाकीतलं पाणी थोडं थोडं तिच्यात घालावं आणि दिवा मालवून मासा सोडावा. मलावीचे मासे असतील तर एका नरामागे तीन-चार माद्या आणि लपायला भरपूर दगड ठेवावेत, म्हणजे एकाच जिवावर सगळा मार पडत नाही.

एवढं करूनही कधी जमत नाही. अशा वेळी लोक हमखास एक उपाय सुचवतात : तलावात सोडून द्या, पुण्य लागेल. कल्याणचा काळा तलाव असो, ठाण्याचा मासुंदा असो, की आपली उल्हास नदी, कृपा करून हे करू नका. टाकीतला शेजार चुकला तर एक मासा मरतो, तलावातला चुकला तर गावाचं जाळं बदलतं. चिलापीचं उदाहरण समोर आहे. स्वस्त आणि भरपूर मासा मिळावा म्हणून मोझांबिकची तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली. ती कोणत्याही पाण्यात तगते, लवकर विते आणि पिल्लांना तोंडात सांभाळते. तिचा उपद्रव लक्षात आल्यावर १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली, पण तोवर ती पसरली होती. आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या हाती चिलापी मोठ्या प्रमाणात लागते आणि पूर्वी सापडणारे गावठी मासे विरळ झाले आहेत. तिच्यावर अनेकांचं पोट चालतं हे खरं, पण ज्यांची जागा गेली ते मासे परत येत नाहीत. आणि घराघरांतून सुटलेला सकर मासाही आता उजनीच्या जाळ्यांत येतो. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात.

मग करायचं काय? दुकानदाराला परत द्यावा, मासे पाळणाऱ्या दुसऱ्या घरी द्यावा, नाहीतर दुसरी टाकी घ्यावी. आमच्या घरात वडीलधारी माणसं पाळलेल्या जिवाला अमानत म्हणत. अमानत म्हणजे सांभाळायला मिळालेली दुसऱ्याची ठेव. ठेव वाटेत टाकून देता येत नाही.

दुकानात उभं असताना आपल्याला पिशवीतला मासा पसंत पडतो, पण आधीपासून टाकीत राहणाऱ्यालाही तो पसंत पडला पाहिजे. म्हणून खरेदीला जाताना खिशात एक चिठ्ठी ठेवा : टाकीचं माप, पाण्याचा पीएच, आत कोण कोण आहे आणि प्रत्येकजण किती इंच वाढणार. दुकानदार ‘सगळे चालतात’ म्हणाला तर ती चिठ्ठी काढून वाचा. आणि चिठ्ठीत नव्या माशाला जागा नसेल, तर त्या दिवशी नुसती खाद्याची डबी घेऊन घरी या.