बसलेली तेवढीच मोजायची

फेब्रुवारीतल्या पहाटे साडेपाचला झाशीतल्या घरातून निघालो, तेव्हा आत्या शाल पांघरून दारात उभी होती. "ओरछ्याला लोक रामराजाच्या दर्शनाला जातात. गिधाडं मोजायला जाणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच," ती म्हणाली. माझ्या हातात पोळीचा डबा ठेवताना मात्र हसली.

ओरछा झाशीपासून सोळा-सतरा किलोमीटर. एवढ्याशा वाटेत राज्य बदलतं. झाशी उत्तर प्रदेशात, तर ओरछा मध्य प्रदेशात, आधी टीकमगढ आणि २०१८पासून निवाडी जिल्ह्यात. पुढच्या गोष्टीत ही सीमा आडवी येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बेतवेच्या कांचन घाटावर बुंदेला राजांच्या छत्र्या आहेत. छत्री म्हटल्यावर आपल्याला चार खांबांवरचा छोटा घुमट आठवतो. इथल्या छत्र्या दोन-तीन मजली, शिखरं असलेल्या, लांबून देवळंच वाटणाऱ्या. त्यांच्या वरच्या कोनाड्यांत आणि सज्ज्यांवर लांब चोचीची गिधाडं राहतात. हा पक्षी मुळात कड्यांवर घरटं करणारा. आसपास तसे उंच कडे नाहीत, तेव्हा राजांनी बांधलेल्या कड्यांवर त्यानं भागवलं आहे. जटायूचा उल्लेख इथला प्रत्येक गाइड करतो, म्हणून मी करत नाही.

घाटावर कक्का वाट पाहत होते. वय साठीच्या पुढे, अंगात जुना खाकी स्वेटर, गळ्यात दुर्बीण आणि खिशात शाळेची चौकोनी वही. पूर्वी ते जंगलखात्यात रोजंदारीवर होते, आता हौसेनं मोजतात. पहिला नियम त्यांनी बसता बसताच सांगितला: उडणारं मोजायचं नाही, बसलेली तेवढीच मोजायची. सरकारी गणनेतही हेच पाळतात. उडणारा पक्षी तुम्ही इथे मोजणार आणि दहा मिनिटांनी पलीकडच्या छत्रीपाशी दुसरा कोणीतरी त्यालाच मोजणार. म्हणून सगळं काम सूर्य वर यायच्या आत. हवा तापेपर्यंत गिधाडाला उठता येत नाही. पाच-सहा किलोचं शरीर नुसते पंख मारून वर नेणं त्याला परवडत नाही.

मोजणं सोपं वाटलं होतं. पहिल्या छत्रीवर मला तीन दिसली. कक्कांनी पाच सांगितली आणि दुर्बीण माझ्याकडे दिली. राहिलेली दोन मान खांद्यांत घालून दगडाच्याच रंगाची होऊन बसली होती. कोनाड्यात कोणी आहे का, हे पक्ष्यावरून नाही, भिंतीवरून ओळखायचं. विष्ठेचे ओघळ ताजे असले तर चुन्यासारखे पांढरे, जुने असले तर करडे पडलेले. पांढऱ्या ओघळाच्या वर नजर ठेवून थांबलं, की कधीतरी मान हलते. या दिवसांत जोडीतलं एक घरट्यावर असतंच. वर्षाला अंडं एकच, ते पन्नासएक दिवस उबवायचं आणि पिल्लू उडेपर्यंत पुढे आणखी तीन-चार महिने. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याची संख्या एकदा पडली, की भरून यायला माणसाची अर्धी हयात जाते.

कक्का बोट न दाखवता बोलतात, हनुवटीनं दिशा सांगतात. बोट दाखवलं की पर्यटक जमतात. मी काही विचारलं की आधी "हओ" म्हणतात, मग बराच वेळ काहीच नाही, मग उत्तर. "आमच्या लहानपणी गावाबाहेर बैल टाकला, की दुपारपर्यंत नुसती हाडं राहायची. वास म्हणून यायचा नाही. मग एका वर्षी बैल तसाच पडून राहिला. आम्हाला वाटलं, गिधाडं दुसरीकडे गेली."

ती कुठे गेली नव्हती. नव्वदच्या दशकापासून २००७पर्यंत भारतातली लांब चोचीची गिधाडं जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटली. कारण २००४मध्ये पक्कं समजलं: डायक्लोफेनॅक. लंगडणाऱ्या, तापलेल्या, दूध न देणाऱ्या जनावराला टोचायचं स्वस्त वेदनाशामक. इंजेक्शन दिल्यावर जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांचे मूत्रपिंड बंद पडतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. शंभरातल्या एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असलं, तरी एवढा संहार पुरेसा होतो, असं संशोधकांचं गणित आहे. मला ते आधी पटलं नव्हतं. पण एका मढ्यावर पन्नास पक्षी उतरतात, हे लक्षात घेतलं की पटतं.

साडेआठच्या सुमारास पहिलं गिधाड कड्यावरून खाली झुकलं, नदीवर तरंगलं आणि एका घिरटीत छत्रीच्या वर गेलं. कक्कांनी वही मिटली.

मग मी नदीवरचा अरुंद पूल ओलांडून अभयारण्यात गेलो. १९९४ साली जाहीर झालेलं हे ओरछा अभयारण्य बेतवा आणि जामनी या नद्यांच्या बेचक्यात आहे, साधारण ४५ चौरस किलोमीटर. धावडा-करधईची झाडं, पळस, नीलगायी, चितळ, वानरं. पुलावर तीन बायका डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन येत होत्या. मला पाहून थबकल्या, गणवेश नाही हे दिसल्यावर चालू लागल्या. अभयारण्यातून वाळकं लाकूड आणि गवतही काढू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १४ फेब्रुवारी २०००चा आदेश आहे. वनहक्क कायदा २००६चा. तो तेंदू-मोहासारख्या गौण वनोपजावरचा हक्क अभयारण्यातही मानतो. या दोन कागदांमधून त्या बायका रोज मोळी घेऊन चालतात.

आणि गिधाडं? अभयारण्याचा सगळा पहारा या तीरावर, ती मात्र त्या तीरावरच्या समाध्यांवर झोपतात आणि जेवायला माणसांच्या गावांत जातात. गिधाडासाठी सुरक्षित क्षेत्र आखायचं तर जाणकार शंभर किलोमीटरची त्रिज्या धरतात, म्हणजे एकतीस हजार चौरस किलोमीटरहून जास्त. ओरछ्याभोवती तेवढं वर्तुळ काढलं तर झाशी, ललितपूर, दतिया, टीकमगढ आत येतात. दोन राज्यं, दोन पशुसंवर्धन खाती, हजारो गोठे. तिथे कुंपण घालता येत नाही. तिथे वनरक्षकाच्या शिट्टीला कोणी विचारत नाही. मोळीवाल्या बाईला अडवणं सोपं. औषधाच्या बाटलीला अडवणं अवघड. म्हणून आपण सोपं ते करत बसलो, असं मला वाटतं.

दुपारी झाशीच्या बाजूच्या एका गोशाळेत गेलो. बुंदेलखंडात 'अन्ना प्रथा' जुनी: रब्बीचं पीक निघालं की जनावरं मोकळी सोडायची, पेरणीला परत बांधायची. आता भाकड गायी कायमच्याच सुटतात आणि त्यातल्या काही गोशाळांत येतात. तिथे मेलेलं जनावर खड्डा खणून, मीठ टाकून पुरतात. पूर्वी कातडं सोलणारे ते उघड्यावर टाकायचे, आता तो धंदा बसलाय. पुरणाऱ्याचं काही चुकत नाही, पण गिधाडाच्या तोंडचा घास मातीआड जातो. डायक्लोफेनॅक गेलं आणि जेवणही गेलं, तर काय मिळवलं? आपल्याकडे नाशिकच्या हरसूल भागात खोरीपाड्याच्या गावकऱ्यांनी वनखात्याबरोबर यावर वाट काढली: मेलेलं जनावर ठरलेल्या माळावर गिधाडांसाठी ठेवायचं. औषध दिलेलं नसेल तेवढंच. गोशाळेतल्या माणसाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "कुत्री येतील त्याचं काय?" प्रश्न रास्त होता. तिथे कुंपण लागतं आणि ते कोणी घालायचं, हे आधी ठरावं लागतं.

परतताना वाटेत एका औषधाच्या दुकानात, म्हशीला गुडघ्याला सूज आहे, काय देता, असं विचारलं. दुकानदारानं दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एक मेलॉक्झिकॅमची, गिधाडांना निर्धोक. दुसरी केटोप्रोफेनची, जनावरांसाठी २०२३पासून बंदी असलेली. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६मध्येच बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५मध्ये तीन मिलिलिटरहून मोठी कुपी बंद करावी लागली. एक बंद केलं की दुसरं दार उघडतं. तरी मध्य प्रदेशात आकडा चढतोय: २०२१च्या गणनेत ९,४४६ गिधाडं, २०२५च्या हिवाळी गणनेत १२,९८१. यातली सगळी लांब चोचीची नाहीत, थंडीत हिमालयाकडून आलेले पाहुणेही आहेत. पण चढ चढच.

रात्री आत्यानं विचारलं, "मग किती भरली?" आकडा सांगितल्यावर म्हणाली, "एवढ्यासाठी एवढी थंडी!"

तुमच्या गावाकडे गायीगुरं असतील, तर डॉक्टर इंजेक्शन भरायला लागतील तेव्हा बाटलीवरचं नाव वाचा. मेलॉक्झिकॅम किंवा टॉलफेनॅमिक अॅसिड असेल तर टोचू द्या. डायक्लोफेनॅक, केटोप्रोफेन किंवा अॅसिक्लोफेनॅक असेल तर दुसरं मागा.