युनिमॅट लेथचे पुनरुज्जीवन व सुधारणा

युनिमॅट हा ऑस्ट्रियातील हालाइन येथे तयार झालेला, टेबलावर मावणारा लघु लेथ आहे. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात तो बाजारात आला. डीबी आणि एसएल या नावांच्या त्याच्या मूळ प्रकारांचे उत्पादन १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होते. प्रतिकृती तयार करणारे हौशी कारागीर, घड्याळदुरुस्ती करणारे, प्रयोगशाळांतील तंत्रज्ञ आणि शाळांमधील कार्यशाळा यांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरला. उत्पादन थांबून अनेक दशके लोटली असली तरी ही यंत्रे आजही हस्तांतरित होत असतात व कामात आणली जातात. अशा जुन्या यंत्राला त्याची मूळ अचूकता परत मिळवून देणे म्हणजे पुनरुज्जीवन, तर मूळ रचनेत नसलेली क्षमता त्याला देणे म्हणजे सुधारणा होय. या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच वेळी केल्या जातात. परंतु त्यांची उद्दिष्टे वेगळी असून काही ठिकाणी ती परस्परविरोधीही ठरतात.

पार्श्वभूमी

घरगुती कार्यशाळेसाठी लहान लेथ ही कल्पना युनिमॅटच्या आधीची आहे. इंग्लंडमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे हौशी यंत्रकारांचे नियतकालिक १८९८ मध्ये सुरू झाले आणि १९४६ मध्ये आलेला मायफर्ड एमएल-७ हा लेथ तेथील घरगुती कार्यशाळांत रूढ झाला. मात्र अशा लेथसाठी स्वतंत्र खोली, भक्कम बैठक आणि बराच पैसा लागत असे.

एम्को या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मायर अँड कंपनीने युनिमॅटद्वारे वेगळा मार्ग धरला. यंत्र लहान करावे आणि एकाच यंत्राकडून अनेक कामे करून घ्यावीत, हे त्यामागील सूत्र होते. लेथचा शीर्षभाग, म्हणजे हेडस्टॉक, बैठकीवरून काढून उभ्या खांबावर बसवला की त्याच यंत्राचे छिद्रण यंत्र किंवा हलके मिलिंग यंत्र होई. गोल करवत, नक्षीकामाची करवत, धार लावण्याचे चाक अशी जोडसाधनेही मिळत. अमेरिकेत हे यंत्र अमेरिकन एडेलस्टाल या विक्रेत्यामार्फत विकले जाई. पुढे आलेल्या युनिमॅट ३ मध्ये दोन दांड्यांऐवजी एकसंध बिडाची बैठक देण्यात आली. त्यामुळे युनिमॅट ३ आणि मूळ डीबी-एसएल यांचे बरेचसे सुटे भाग परस्परांना चालत नाहीत.

रचना आणि तिच्या मर्यादा

मूळ युनिमॅटमध्ये दोन समांतर पोलादी दांड्यांवर सॅडल व टेलस्टॉक सरकतात. केंद्रांमधील अंतर सुमारे १७० मिमी, तर बैठकीपासून आसाची उंची सुमारे ३६ मिमी असते. तर्कू, म्हणजे स्पिंडल, बॉल बेअरिंगांवर फिरतो. तो एका सरकत्या नळीत बसवलेला असल्याने खांबावर चढवलेल्या शीर्षभागाला छिद्रण यंत्राप्रमाणे खालीवर हालचाल करता येते. तर्कूच्या टोकावर १२ मिमी व्यासाचे, १ मिमी अंतराचे आटे असतात. युनिमॅट ३ च्या तर्कूचे आटे १४ मिमी व्यासाचे आहेत. सुटा चक विकत घेताना हा फरक ध्यानात न घेतल्यास तो चक निरुपयोगी ठरतो.

या यंत्राची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे दृढतेचा अभाव. दांड्यांना फक्त दोन्ही टोकांना आधार असतो. त्यामुळे सॅडल मध्यभागी असताना कापण्याच्या दाबाखाली ते किंचित वाकतात. गोल दांड्याची वाकण्यास होणारी प्रतिकारशक्ती व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. व्यास दुप्पट झाला तर दांडा सोळा पट दृढ होतो. उलट आधारांमधील अंतर दुप्पट झाले तर त्याच दाबाखाली होणारे वाकणे आठ पटींनी वाढते. हाच नियम चकमधून बाहेर आलेल्या कामालाही लागू पडतो. म्हणून अशा लेथवर काम शक्य तितके आखूड धरणे, हत्यार धारकातून कमीत कमी बाहेर ठेवणे आणि पातळ थर कापणे आवश्यक असते. खरखरीत पृष्ठभाग आणि कापताना येणारा किरकिर आवाज यांचे मूळ पुष्कळदा झिजेत नसून या दृढतेच्या हिशेबात असते.

तपासणी

जुने यंत्र खोलण्यापूर्वी त्याची आहे त्या स्थितीत तपासणी केल्यास पुढील श्रम वाचतात. तर्कू हाताने फिरवून खडखड जाणवते का, तो आडवा हलवल्यास ढिला वाटतो का, हे प्रथम पाहतात. दांड्यांवर गंजाचे खड्डे आहेत का, सॅडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जोराने सरकते का, आणि मळसूत्राचे चाक उलट दिशेने फिरवल्यावर सॅडल हलू लागण्यापूर्वी किती रिकामी फेरी जाते, याचीही नोंद केली जाते.

जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असलेल्या जुन्या यंत्रांत आणखी एक दोष संभवतो. मिश्रधातूत शिसे किंवा तत्सम अशुद्धी राहिल्यास कालांतराने धातू आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि तो ठिसूळ होतो. या विकारावर उपाय नाही. असा भाग बदलावाच लागतो. म्हणून खरेदीपूर्वी ओतीव भागांवरील बारीक, जाळीदार भेगांकडे विशेष लक्ष देणे इष्ट असते.

खोलणे, स्वच्छता आणि गंज

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र घेणे आणि स्क्रू व वॉशर वेगवेगळ्या डब्यांत ठेवणे ही प्रचलित पद्धत आहे. तीन जबड्यांच्या चकमधील जबड्यांवर १, २, ३ असे क्रमांक असतात व त्यांना त्याच क्रमांकांच्या खाचांत, त्याच क्रमाने बसवावे लागते. क्रम चुकल्यास जबडे एकाच वेळी मध्यावर येत नाहीत. आतील सर्पिल आट्यांत अडकलेला धातूचा कीस काढल्यावर अनेक चकांची अचूकता लक्षणीय सुधारते.

जुने घट्ट झालेले वंगण रॉकेलने सुटते. पेट्रोलची वाफ सहज पेट घेत असल्याने ते या कामासाठी धोक्याचे असते. त्या काळातील रंगांत शिसे असण्याची शक्यता असल्यामुळे रंग कोरडा घासू नये. घासायचाच असल्यास पृष्ठभाग ओला ठेवून आणि योग्य मुखपट्टी लावून घासावा.

गंजलेल्या पोलादी व बिडाच्या भागांसाठी विद्युत्-विच्छेदनाची पद्धत उपयुक्त आहे. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात गंजलेला भाग ऋणाग्राला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धनाग्राला जोडून बॅटरी चार्जरसारख्या कमी दाबाच्या एकदिश प्रवाहाने गंज सुटा केला जातो. येथे तीन बंधने पाळावी लागतात. धनाग्र म्हणून स्टेनलेस स्टील वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरतात. क्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्याने जागा हवेशीर व ठिणग्यांपासून दूर असावी. तसेच ॲल्युमिनियम व जस्त यांचे भाग या द्रावणात ठेवू नयेत. अल्कधर्मी द्रावण त्या धातूंना खाऊन टाकते. मार्गदर्शक दांडे मात्र जाड काचकागदाने कधीही घासू नयेत. दांड्याचा व्यास जेथे कमी होतो, तेथे सॅडल कायमचे ढिले पडते.

सरळता पडताळणे

युनिमॅटचा शीर्षभाग बैठकीवर फिरवून तिरपा बसवता येतो. शंकूच्या आकाराचे काम करण्यासाठी ही सोय आहे, परंतु तिच्यामुळेच सरळता बिघडण्याचा संभवही वाढतो. पुन्हा जोडणी केल्यावर दोन कड्यांची चाचणी घेतात. चकमध्ये धरलेल्या दांड्यावर, टेलस्टॉकचा आधार न देता, काही अंतरावर दोन कडी ठेवून मधला भाग खोल कापतात. मग हत्याराची आडवी स्थिती न बदलता दोन्ही कड्यांवर अगदी पातळ थर कापून त्यांचे व्यास मायक्रोमीटरने मोजतात. कड्यांमध्ये ६० मिमी अंतर असून व्यासांत ०.०४ मिमी फरक आढळला, तर आस ६० मिमी लांबीत ०.०२ मिमी तिरपा आहे, असा निष्कर्ष निघतो. फरकाची निमपट घेण्याचे कारण असे, की त्रिज्येतील चूक व्यासात दुप्पट दिसते. शीर्षभाग हलकेच फिरवून पुन्हा चाचणी घेतली जाते आणि त्यानंतरच टेलस्टॉकचे केंद्र त्या आसाशी जुळवले जाते. हा क्रम उलटा केल्यास दोन चुका एकमेकींना झाकतात आणि दोष लक्षात येत नाही.

मोटर आणि वेग

मूळ मोटर कार्बन ब्रशांची, सार्विक प्रकारची आणि लहान असून ती दीर्घकाळ सतत चालवण्यासाठी नव्हती. भार वाढला की तिचा वेग उतरतो आणि ती तापते. जुन्या यंत्रातील रबरी आवरणाच्या तारा बहुधा कडक होऊन भेगाळलेल्या असतात. त्या बदलल्याशिवाय यंत्र सुरू करणे धोक्याचे असते. यंत्राच्या धातूच्या भागांना भूसंपर्कन नसल्यास तीन पिनांची तार जोडून ते करून घ्यावे लागते. अमेरिकेत विकलेली यंत्रे तेथील कमी विद्युत्दाबाची असल्याने भारतातील २३० व्होल्टवर ती थेट जोडता येत नाहीत. त्यासाठी योग्य क्षमतेचा रोहित्र लागतो.

वेगाचा प्रश्न साध्या गणिताने समजतो. हायस्पीड स्टीलच्या हत्याराने सौम्य पोलाद कापण्यासाठी मिनिटाला सुमारे २५ मीटर हा वेग धरला, तर २० मिमी व्यासाच्या कामासाठी मिनिटाला सुमारे ४०० फेरे लागतात; ५० मिमी व्यासासाठी सुमारे १६०. मूळ यंत्राचा नेहमीच्या मांडणीतील सर्वांत कमी वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांहून अधिक असल्याने मोठ्या व्यासाच्या पोलादावर हत्याराची धार लवकर जाते. पितळ व ॲल्युमिनियम यांवर ही अडचण तितकी जाणवत नाही.

यामुळे मोटर बदलणे ही सर्वांत प्रचलित सुधारणा ठरली आहे. काही जण शिलाई यंत्राची मोटर बसवतात. ती सहज मिळते, पण तीही सार्विक प्रकारचीच असल्याने कमी वेगात तिचा जोर घटतो. कायम चुंबकाची एकदिश मोटर आणि वेगनियंत्रक ही जोडी अधिक समाधानकारक असते. मोटरच्या फिरण्याची दिशा मात्र कटाक्षाने तपासावी लागते. चक आट्यांवर बसत असल्यामुळे तर्कू उलटा फिरल्यास कापण्याच्या दाबाने तो सुटून निसटू शकतो. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही, अशा प्रकारचे बटण बसवणेही सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक मानले जाते. मूळचे गोल रबरी पट्टे कालांतराने ताणले जातात. त्यांच्या जागी आता पॉलियुरेथेनचे पट्टे वापरतात.

इतर सुधारणा

लेथ स्वतःचेच सुटे भाग तयार करू शकतो, हे या छंदाचे वैशिष्ट्य आहे. नवा चक बसवण्यासाठी लागणारी पाठचकती प्रथम त्याच तर्कूवर चढवून तिचा दर्शनी भाग व खांदा तेथेच कापला जातो. त्यामुळे चकती ज्या आसाभोवती पुढे फिरणार, त्याच आसाशी ती जुळते. दुसरीकडे अचूक करून आणलेल्या चकतीपेक्षा अशी चकती पुष्कळदा अधिक सरस ठरते. बारीक दांडे धरण्यासाठी ईआर प्रकारचे कॉलेट बसवणे ही अशीच एक लोकप्रिय सुधारणा आहे. ईआर-१६ मालिकेतील कॉलेटमध्ये १० मिमी व्यासापर्यंतचे काम धरता येते.

आटे पाडण्यासाठी मूळ यंत्रात गिअरांची मालिका नव्हती; नमुना-आट्यांचा मागोवा घेणारे जोडसाधन वेगळे मिळत असे. आता मळसूत्राला स्टेपर मोटर जोडून संगणकीय नियंत्रण आणले जाते. फेरीला २०० टप्पे असलेली मोटर १ मिमी अंतराच्या मळसूत्राला थेट जोडली, तर एका टप्प्याला सॅडल ०.००५ मिमी सरकते. हा आकडा फसवा असतो. मळसूत्र आणि नट यांत ०.१ मिमी ढिलाई असेल, तर दिशा बदलताना पहिले वीस टप्पे वाया जातात. ढिलाई कमी केल्याविना केलेले संगणकीकरण झीज झाकते, दूर करत नाही.

यंत्र जाड पोलादी किंवा बिडाच्या सपाट पाटावर घट्ट बसवणे ही सर्वांत स्वस्त आणि तरीही परिणामकारक सुधारणा आहे. पाट सपाट नसेल, तर बोल्ट आवळताना बैठकच पिळवटते; म्हणून बसवल्यानंतर दोन कड्यांची चाचणी पुन्हा घेतात.

मूळ स्वरूप की उपयुक्तता

डीबी व एसएल प्रकारांची नवी यंत्रे आता तयार होत नाहीत. त्यामुळे शीर्षभागाला छिद्रे पाडणे, सॅडल कापणे किंवा तर्कूचे आटे बदलणे यांसारखे अपरिवर्तनीय बदल प्रत्येक वेळी सुस्थितीतील एक यंत्र कमी करतात. संग्राहक मूळ रंग, नामपट्टी, खोका आणि माहितीपुस्तिका यांना महत्त्व देतात. कारागिराच्या दृष्टीने जे काम करत नाही ते यंत्र अपुरेच असते. या दोहोंमध्ये मान्य झालेला मध्यम मार्ग असा, की बदल मूळ छिद्रे व खाचा यांचाच आधार घेऊन, सुट्या जोडपट्ट्यांच्या साहाय्याने करावेत. काढलेले मूळ भाग खूणचिठ्ठी लावून जपावेत आणि केलेल्या बदलांची नोंद यंत्राबरोबर ठेवावी. पुढील मालकाला यंत्र पूर्वस्थितीला नेता येईल की नाही, हे या नोंदीवरच अवलंबून असते.

हेही पहा

लेथ
मिलिंग यंत्र
मायक्रोमीटर
विद्युत्-विच्छेदन