विटांच्या घराला खिडक्या कोणत्या रंगाच्या?

गिलावा न करता विटा उघड्याच ठेवलेली घरे तुम्ही पाहिली असतील. लॉरी बेकर (१९१७–२००७) या वास्तुशिल्पज्ञाने केरळात अशी पुष्कळ घरे बांधली. आपल्याकडेही ती अधूनमधून दिसतात. अशा घराच्या भिंतीला रंग द्यावा लागत नाही. रंगवायच्या राहतात त्या दाराच्या चौकटी, खिडक्यांची झडपे, गज आणि वळचणीची फळी. काम थोडे, म्हणून सोपे वाटते. दुकानात जावे, शेडकार्डावर बोट ठेवावे, डबा घेऊन यावे. पण दोन हात दिल्यावर अंगणात उभे राहून पाहावे, तर हा तो रंगच नव्हे! राखी म्हणून आणलेला रंग चक्क हिरवट दिसतो आहे. मग दुकानदाराने डबा बदलला, रंगाऱ्याने भेसळ केली, असे आरोप सुरू होतात. बहुधा दोघेही निर्दोष असतात. करामत असते ती विटेची आणि आपल्या डोळ्यांची.

वीट तांबडी का, हे आधी पाहू. मातीत लोहाची संयुगे असतात. भट्टीत भरपूर हवा मिळून माती भाजली की त्यांचे फेरिक ऑक्साइड बनते. हे संयुग सूर्यप्रकाशातील जांभळा, निळा व हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेते आणि साधारण ५८० नॅनोमीटरहून अधिक तरंगलांबीचा नारिंगी-तांबडा प्रकाश परत पाठवते. गेरू म्हणजे हेच. लोखंडी गजांना आधी जो रेडऑक्साइडचा हात देतात, त्यातही हेच. मातीत चुना जास्त असेल तर मात्र वीट तांबडी न होता पिवळट भाजते.

आता एक प्रयोग करा. एकाच राखी कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. एक पट्टी विटकरी रंगाच्या मोठ्या कागदावर ठेवा, दुसरी पांढऱ्या कागदावर. दोन्हींवर पातळ ट्रेसिंग पेपर पसरा. पांढऱ्यावरची पट्टी राखीच राहील. विटकरीवरची निळसर हिरवी दिसू लागेल! ट्रेसिंग पेपरने पट्टीच्या कडा पुसट होतात आणि परिणाम अधिक ठळक होतो. पट्ट्यांची अदलाबदल करून पाहा, म्हणजे कागदात काही लबाडी नाही याची खात्री पटेल.

असे का व्हावे? डोळ्यांतील चेतापेशी मेंदूकडे जो संदेश धाडतात, तो ‘येथे इतका तांबडा प्रकाश आहे’ एवढाच नसतो. ‘शेजारच्यापेक्षा किती कमी, किती जास्त’ असाही असतो. सभोवती तांबड्याची रेलचेल असली की मधली राखी पट्टी ‘तांबड्यात कमी’ ठरते, आणि तांबड्यात कमी म्हणजेच हिरव्या-निळ्याकडे झुकलेली.

हा नियम नीट मांडला तो मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोब्लँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात तो १८२४ पासून रंगविभागाचा प्रमुख होता. तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी तुलना केली, तर रंगात काहीच कमी नव्हते. तो काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला जात होता, म्हणून त्याचे तेज हरपत होते. या विषयावरचा त्याचा ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला. (हा गृहस्थ पुढे १०२ वर्षे जगला.)

खिडकीकडे परत येऊ. विटेशेजारी प्रत्येक रंग थोडासा हिरव्या-निळ्याकडे ढकलला जातो, एवढे ध्यानात ठेवले की अर्धे काम झाले. मुळातच निळसर झाक असलेला पांढरा रंग तेथे अंगावर येतो. उलट किंचित मलईची झाक असलेल्याचा पिवळेपणा कमी भासतो आणि तो स्वच्छ पांढरा दिसतो. म्हणजे पांढरी खिडकी हवी असेल तर पांढरा डबा आणू नये! राखी हवा असेल तर थोडा तपकिरीकडे झुकणारा घ्यावा. हिरवा तर विटेजवळ आणखीच हिरवा होतो. माझे मत विचाराल तर गडद, मळकट हिरवाच घ्यावा. शेडकार्डावर तो उदास वाटतो, पण भिंतीवर त्याला आपोआप जीव येतो.

कित्येकांना चौकटी विटेच्याच रंगाच्या हव्या असतात. येथे दुसरी अडचण आहे. दुकानातील ट्यूबलाइटखाली विटेचा तुकडा आणि रंग तंतोतंत जुळतात, आणि उन्हात फारकत घेतात. दोन रंगद्रव्यांची शोषणाची रीत वेगवेगळी असूनही एखाद्या प्रकाशात ती डोळ्यांना सारखी दिसू शकतात. प्रकाश बदलला की बिंग फुटते. रंगात विटेतलेच द्रव्य, म्हणजे फेरिक ऑक्साइड असेल तर हा धोका कमी. शिवाय ते उन्हाने विटत नाही. अजिंठ्याच्या चित्रांतील तांबडा रंग गेरूचा आहे आणि तो आजही ओळखू येतो, तर भडक लाल-पिवळी सेंद्रिय रंगद्रव्ये अनेकदा काही उन्हाळ्यांतच फिकी पडतात.

गडद रंग ऊन अधिक शोषतो, हे तुम्ही शिकला आहातच. पश्चिमेकडच्या खिडकीचा काळा गज मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतो. दीड मीटर लांबीचा गज ३० अंश सेल्सियसने तापला तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, रात्री पुन्हा आखडतो. रंगाच्या थराला हा ताण रोज सोसावा लागतो. थर जुना व ठिसूळ झाला की तो तडकतो.

म्हणून शेडकार्डावर विसंबू नका. सर्वांत लहान डबा आणा, हात-दीड हाताच्या फळीवर दोन हात द्या आणि फळी भिंतीशेजारीच उभी करा. पांढऱ्या कागदावर ठेवून पाहाल तर सारा खटाटोप वाया. बोटभर तुकड्यावर दिसणारा रंग मोठ्या पृष्ठभागावर अधिक उजळ आणि भडक भासतो, हेही फळीवर कळेल.

जुना रंग खरवडताना मात्र जपा. घरगुती रंगांतील शिसे दर दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे बरेच असू शकते. ती धूळ पोटात वा फुप्फुसात जाणे लहान मुलांना विशेष घातक. कोरडा पॉलिश पेपर घासू नये, पृष्ठभाग ओला करून घासावा, आणि धाकट्या भावंडांना त्या दिवशी दूर ठेवावे.

फळी सकाळी, भर दुपारी आणि सावलीत पाहा. शिवाय एकदा सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने पाहा. प्रकाश मंदावला की डोळ्यांतील शंकुपेशींचे काम दंडपेशींकडे जाते. शंकुपेशींची दृष्टी ५५५ नॅनोमीटरला सर्वांत तीक्ष्ण, तर दंडपेशींची ५०७ च्या आसपास. तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ आंधळ्याच. दिवसभर मिरवणारी विटांची भिंत तेव्हा काळवंडत जाते, आणि दुपारी तिच्यापुढे मंद वाटलेली हिरवी चौकट भिंतीपेक्षा उजळ दिसू लागते. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हा बदल दोनशे वर्षांपूर्वी टिपला होता. तुम्हाला तो अंगणातून दिसेल. फक्त ओसरीवरचा दिवा थोडा वेळ लावू देऊ नका.