सैल जोडणी आणि साठ नॅनोसेकंद

तार तुटली तर दिवा लागत नाही, हे कोणीही सांगेल. असा बिघाड शोधणे फारसे अवघड नसते. खरी पंचाईत होते ती जोडणी अर्धवट सैल असते तेव्हा. संदेश जातो, यंत्र चालते, धोक्याची घंटाही वाजत नाही. आणि तरीही उत्तर चुकते. अशाच एका सैल जोडणीमुळे काही महिने आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर जगभर चर्चा झडली.

जिनिव्हाजवळ ‘सर्न’ ही संशोधनसंस्था आहे. तेथून सोडलेला न्यूट्रिनो कणांचा झोत जमिनीतून आरपार ७३० किलोमीटर जाऊन इटलीतील ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोचत असे. ‘ऑपेरा’ नावाच्या प्रयोगात ते कण टिपले जात. एवढे अंतर कापण्यास प्रकाशाला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतील. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेराच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, न्यूट्रिनो याहूनही सुमारे ६० नॅनोसेकंद आधी येताना दिसतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या वेळात प्रकाश १८ मीटर जातो. म्हणजे न्यूट्रिनोंनी प्रकाशाला १८ मीटरांनी मागे टाकले होते! ‘आम्हांला चूक सापडत नाही, तुम्हीही तपासा,’ असेच त्यांचे म्हणणे होते. पुढे या मंडळींची बरीच टिंगल झाली. मला ती अन्यायाची वाटते.

आता घड्याळाकडे वळू. उपग्रहांकडून अचूक वेळ घेणारे यंत्र आकाशाखाली हवे. न्यूट्रिनो टिपणारे यंत्र मात्र डोंगराच्या पोटात. म्हणून वरची वेळ प्रकाशाच्या स्पंदांच्या रूपाने, सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून खाली पाठवली जाई. काचेत प्रकाशाचा वेग हवेतल्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे या प्रवासाला सुमारे ४१ मायक्रोसेकंद लागत. हा विलंब आधी मोजून हिशेबात धरलेला होता. तो बदलला नाही, तोवर सारे ठीक.

डिसेंबर २०११ मध्ये तो पुन्हा मोजला, तेव्हा सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी वाढलेला आढळला. तंतूच्या टोकाची जोडणी नीट घट्ट बसलेली नव्हती. फट पडल्याने प्रकाश कमी पोचत होता.

येथे जरा थांबा आणि विचार करा. प्रकाश कमी झाला, पण प्रकाशाचा वेग तर बदलला नाही. मग उशीर का व्हावा?

नळाखाली तांब्या ठेवा. पाणी गळ्यापर्यंत आले की घंटा वाजेल, अशी योजना करा. नळ पूर्ण सोडला तर घंटा लवकर वाजेल. अर्धा सोडला तरी वाजेलच, पण उशिरा. तंतूच्या टोकाशी असेच घडत होते. आलेला प्रकाश फोटोडायोडवर पडतो, त्यातून विद्युत्प्रवाह निघतो आणि परिपथाची धारिता भरत जाते. विद्युत्दाब एका ठरलेल्या पातळीला, म्हणजे ‘उंबरठ्याला’, पोचला की यंत्र म्हणते, ‘स्पंद आला.’ प्रकाश कमी, म्हणजे प्रवाह कमी. उंबरठा ओलांडायला वेळ अधिक. दुबळा संदेश असा उशिराचा संदेश होतो.

वेळेचा स्पंद उशिरा आल्याने खालचे घड्याळ ७३ नॅनोसेकंद मागे पडले. मागे पडलेल्या घड्याळावर कोणताही पाहुणा लवकर आलेलाच दिसणार! शिवाय खालच्या घड्याळाचा आंदोलक किंचित जलद चालत होता. त्याचा परिणाम उलट दिशेचा, सरासरी सुमारे १५ नॅनोसेकंदांचा. ७३ मधून १५ वजा करा. ती साठाच्या जवळपासची संख्या कोठून आली ते दिसेल.

पण ही जोडणी नेमकी केव्हापासून सैल होती? आज मोजून कालचे कसे कळणार? त्यासाठी एक सुंदर युक्ती सुचली. त्याच प्रयोगशाळेत सुमारे १६० मीटरांवर ‘एलव्हीडी’ नावाचे दुसरे उपकरण होते. विश्वकिरणांतील काही म्युऑन कण जवळजवळ आडवे येऊन दोन्ही उपकरणांतून जातात. अनेक वर्षांच्या नोंदींतून असे तीनशेहून थोडे अधिक कण निवडले. दोन्ही नोंदींतील वेळेचा फरक २००८ पासून २०११ च्या अखेरपर्यंत सुमारे ७३ नॅनोसेकंदांनी सरकलेला होता. आधी आणि नंतर तो योग्य होता. आकाशातून आलेल्या कणांनी साक्ष दिली! मार्च २०१२ मध्ये तेथल्याच ‘इकारस’ प्रयोगानेही न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने येतात, असे दाखवले.

तुमच्या शाळेतील संगणकाच्या तारांनाही हाच उंबरठ्याचा नियम लागू असतो. सेकंदाला ५ अब्ज बिट नेणाऱ्या तारेत एका बिटाच्या वाट्याला फक्त ०.२ नॅनोसेकंद येतो. ७३ नॅनोसेकंदांत तेथून ३६५ बिट निघून जातात. सगळेच बिट सारखे उशिरा आले तर तेथे बिघडत नाही. पण तांब्यात आधीचे पाणी शिल्लक असेल तर पुढच्या खेपेला घंटा लवकर वाजते. तसेच मागच्या बिटांचा अवशेष उरला की काही बिट लवकर, काही उशिरा उंबरठा ओलांडतात आणि १ व ० यांची गल्लत होते.

हे पाहण्यासाठी अभियंते हजारो बिट ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एकावर एक काढतात. मध्ये उरलेली मोकळी जागा डोळ्यासारखी दिसते, आणि तिला डोळाच म्हणतात. तार चांगली असेल तर डोळा टपोरा उघडा. संदेश दुबळा झाला की तो वरून-खालून मिटतो, वेळ डळमळली की बाजूंनी. मग जोडणी काढून पुसून पुन्हा बसवायची, नंतर तार बदलायची, नंतर तारेचे दुसरे टोक तपासायचे. एका वेळी एकच बदल करायचा आणि डोळा कोणत्या बदलाने उघडतो ते पाहायचे.