कष्टकरी व नोकरदार प्रौढांतील दीर्घकालीन चक्कर : काही कारणांचा विचार

मराठीत 'चक्कर' ह्या एका शब्दाच्या आश्रयाला अनेक भिन्न अनुभव येऊन राहिले आहेत. घेरी, भोवळ, झीट, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोल जाणे हे शब्दप्रयोग व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेल्या शरीरव्यापारांत फार अंतर आहे. घेरीत सभोवतालचे जग फिरते, अंधारीत ते विझू लागते, आणि तोल जातो तेव्हा जग जागच्या जागी असून पाऊल तेवढे अस्थिर होते. हा भेद प्राचीनांच्याही ध्यानात आलेला होता. माधवनिदानात मूर्च्छा, भ्रम, तंद्रा व संन्यास ह्यांचे विवेचन एकाच अध्यायात येते. तथापि प्रत्येकाची दोषसंगती तेथे निराळी सांगितली आहे.

कोल्हापूर परिसरातील कामकरी माणूस ह्यांपैकी कोणताही अनुभव घेऊन दवाखान्यात गेला, तरी त्यास मिळणारी उत्तरे बहुधा तीनच असतात : अशक्तपणा, रक्तदाब, अथवा मानेच्या मणक्यांची झीज. ही उत्तरे सर्वस्वी चुकीची नसतात, म्हणूनच ती अधिक घातक ठरतात. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या क्ष-किरण चित्रात झिजेच्या खुणा दिसतात, मग त्यांस चक्कर येत असो वा नसो. रक्तक्षयाचेही तसेच आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जी गोष्ट निम्म्याहून अधिक स्त्रियांत सापडते, ती चक्कर येणाऱ्या स्त्रीतही सापडावी ह्यात नवल नाही. रक्तक्षयावर उपचार व्हावयासच हवेत. परंतु तो सापडला म्हणजे चक्करीचे कारण सापडले, असे मानणे तर्काला धरून नाही. रक्तक्षयाने श्रम करताना दम लागतो, डोके हलके होते, उठताना अंधारी येते. कूस बदलताच घर फिरू लागणे हे मात्र त्याने घडत नाही.

मग कारण शोधावे कसे? १९७२ साली ड्रॅकमन व हार्ट ह्या अमेरिकी संशोधकांनी चक्करीचे चार प्रकार मांडले. फिरल्याचा भास, शुद्ध हरपत असल्याची जाणीव, तोल जाणे आणि केवळ डोके हलके वाटणे हे ते चार प्रकार होत. ही मांडणी पुढे कित्येक दशके वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविली गेली. रोग्याने अनुभवाचे वर्णन करावे आणि त्या वर्णनावरून वैद्याने इंद्रिय ठरवावे, असा तिचा आशय. ती सुबक होती, पण टिकली नाही. २००७ साली अमेरिकेतच तातडीच्या विभागांत आलेल्या रोग्यांना काही मिनिटांच्या अंतराने तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात आला, तेव्हा निम्म्याहून अधिक रोग्यांनी दुसऱ्या वेळी निराळा प्रकार सांगितला. चक्कर कशी आली ह्याबाबत माणूस गोंधळतो. ती केव्हा आली, किती वेळ टिकली आणि काय करताना आली, हे मात्र तो बऱ्याच निश्चयाने सांगू शकतो. म्हणून आजच्या निदानपद्धतीत वर्णनापेक्षा काळाला व निमित्ताला अधिक महत्त्व आले आहे. कष्टकऱ्याच्या बाबतीत हे दोन्ही धागे त्याच्या कामापर्यंत जाऊन पोहोचतात, आणि नेमका तोच प्रश्न त्यास सहसा विचारला जात नाही.

प्रथम क्षणिक चक्करीचा विचार करू. अंथरुणात कूस बदलताना, वर पाहताना किंवा खाली वाकताना येणारी आणि मिनिटाच्या आत ओसरणारी घेरी ही बहुधा अंतर्कर्णातून उद्भवते. अंतर्कर्णातील एका कोषात चुनखडीचे सूक्ष्म कण चिकटलेले असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत उतरले, म्हणजे डोके हलताच ते नलिकेतील द्रव ढकलतात आणि मेंदूस खोटी गती कळविली जाते. हा दोष बारानीने १९२१ साली वर्णिला, डिक्स व हॉलपाइक ह्यांनी १९५२ साली त्याची परीक्षा निश्चित केली, आणि एप्लीने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने तो काही मिनिटांत दूर करता येऊ लागला. ह्या पद्धतीत डोके ठराविक क्रमाने वळवून ते कण मूळ कोषाकडे परत नेले जातात. औषध लागत नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागावरील जॉबर मागाखाली वाकून दुरुस्ती करतो, उद्यमनगरातील कारागीर गाडीखाली उताणा पडून वर पाहतो, दुकानातील नोकर वरच्या फळीकडे मान वळवतो. ह्यांची घेरी मानेच्या हालचालीने येते, म्हणून दोष मानेचा मानला जातो आणि गळ्यात पट्टा येतो. पट्ट्याने मान हलत नाही, त्यामुळे घेरी कमी होते, आणि चुकीचे निदान खरे ठरल्यासारखे वाटते.

क्षणिक चक्करीचा दुसरा प्रकार उभे राहण्याशी निगडित असतो. बसलेला किंवा निजलेला मनुष्य उठल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, तर त्यास उत्थानजन्य रक्तदाबक्षय म्हणतात. गुऱ्हाळात काहिलीशेजारी तासन्‌तास उभा असलेला गुळव्या, चुलवाणात चिपाडे सारणारा जळव्या, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील भट्टीपुढचा ओतकामगार आणि उन्हात वाकून ऊस तोडणारी स्त्री ह्या सर्वांच्या शरीरातील पाणी व मीठ घामावाटे जात असते. मोळी बांधून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती ह्यामुळे. आडोशाची सोय नाही म्हणून अनेक स्त्रिया कामावर पाणीच कमी पितात, ही गोष्ट रोगेतिहासात क्वचितच नोंदली जाते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर अडचण आणखी वाढते. हिवाळ्यात ठरविलेली मात्रा चैत्र-वैशाखात तशीच चालू राहते, आणि त्या अवस्थेत बसून घेतलेला रक्तदाब निर्दोष दिसतो. तो उभे करून पुन्हा मोजला पाहिजे. मधुमेही कामगाराने गोळी घेऊन चतुर्थीचा उपवास केला, तर साखर उतरून येणारी चक्कर घाम व कंप ह्यांसह येते. तिचा गल्लत होण्याजोगा आणखी एक सोबती म्हणजे हृदयाच्या लयीतील बिघाड. श्रमाच्या भरात चक्कर येऊन शुद्ध जात असेल, तर हृदयाची तपासणी लांबणीवर टाकू नये.

तासांच्या मापाने टिकणाऱ्या चक्करीत दोन विकार मुख्य आहेत. १८६१ साली प्रॉस्पेर मेन्येरने वर्णिलेल्या विकारात वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत घेरी राहते आणि तिच्यासोबत एका कानात गुणगुण, दडा व कमीअधिक होणारी बधिरता असते. दुसरा विकार अर्धशिशीजन्य घेरीचा. तिचे निकष २०१२ साली ठरले, त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकांत ती फारशी आढळत नाही. ती पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकते आणि प्रत्येक वेळी डोके दुखतेच असे नाही. तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत ती अधिक. रात्रपाळी, चुकलेले जेवण, अपुरी झोप आणि मासिक पाळी ही तिची निमित्ते होत. त्यामुळे कचेरीतील कारकून, रुग्णालयातील परिचारिका आणि घर सांभाळून नोकरी करणारी शिक्षिका ह्यांच्यात ती वारंवार दिसल्यास आश्चर्य वाटू नये.

काही प्रकारांत मात्र चक्करीचे वेळापत्रक शरीराचे नसून कारखान्याचे असते. पाळी सुरू झाल्यावर काही वेळाने डोके जड होते, दुखते, मळमळते, चक्कर येते. साप्ताहिक सुटीच्या दिवशी सारे निवळते. आणि शेजारच्या कामगाराचीही तीच तक्रार असते. अशा वेळी कोळसा किंवा कोक जळणाऱ्या बंदिस्त जागेतील कार्बन मोनॉक्साइड वायूचा संशय घेतलाच पाहिजे. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. बोटाला लावावयाचे नेहमीचे प्राणवायुमापक उपकरण त्याला ओळखू शकत नाही आणि समाधानकारक आकडा दाखविते. कपोला भट्टीवर काम करणारा ओतकामगार व थंडीत खोली बंद करून शेगडीशी बसणारा रात्रीचा पहारेकरी हे दोघेही ह्या वायूच्या तावडीत सापडू शकतात. विद्युत भट्ट्या आलेल्या कारखान्यांत हा धोका घटतो, परंतु साचे व गाभे तापविताना निघणाऱ्या धुराचा प्रश्न शिल्लक राहतो. चर्मकामातील चिकटद्रव्ये आणि रंगकामातील थिनर ह्यांच्या वाफांनीही अशीच, कामाबरोबर येणारी व सुटीत जाणारी चक्कर उद्भवते.

तंबाखूचा प्रकार ह्याहून निराळा आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेस, सीमेपलीकडील निपाणी व भोवतालचा प्रदेश विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. तंबाखूची ओली, दवाने भिजलेली पाने खुडणाऱ्यांच्या त्वचेतून निकोटीन रक्तात जाते आणि काही तासांत मळमळ, घाम व चक्कर सुरू होते. हिरव्या तंबाखूचा हा आजार जगातील इतर तंबाखूपट्ट्यांतही नोंदला गेला आहे. 'तंबाखू लागली', 'सुपारी लागली' असे मराठीत म्हणतात, त्यात हे निरीक्षण केव्हाचेच नोंदलेले आहे; वैद्यकाने ते मागाहून मोजले, एवढेच. मिश्री लावणाऱ्या स्त्रीस मात्र 'तंबाखू खाता का' असे विचारल्यास ती नाही म्हणेल, आणि ते खोटे नसेल. तिच्या दृष्टीने मिश्री हे दंतमंजन आहे.

सतत राहणाऱ्या, विशेषतः काळोखात बळावणाऱ्या अस्थिरतेकडे स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे. मनुष्य आपला तोल डोळे, अंतर्कर्ण व तळपायांची स्थितिसंवेदना ह्या तिहींच्या आधारे सांभाळतो. ह्यांतील एक आधार गेला तरी उजेडात निभावते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी तळपायांची संवेदना मंदावते. पुण्यात मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले, सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत ह्या जीवनसत्त्वाचे रक्तातील प्रमाण कमी आढळले. शाकाहार हे त्याचे मोठे कारण होय, आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ घेतलेले मेटफॉर्मिन त्यात भर घालते. अंतर्कर्णाचा आधार औषधानेही जाऊ शकतो. क्षयावर वरदान ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन समतोलाच्या इंद्रियास कायमची इजा करू शकते, हे त्याच्या प्रारंभीच्या वापरातच उघड झाले होते. १९५२ साली एका अमेरिकी डॉक्टराने स्वतःवर ओढवलेली ही अवस्था वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवली आहे. चालताना फलकावरील अक्षरे हलत, ती वाचण्यासाठी त्याला थांबावे लागे. भारतातील क्षयाच्या पुनरुपचारांत हे इंजेक्शन दीर्घकाळ समाविष्ट होते. पहाटे बांधावरून शेतात जाताना तोल जाणाऱ्या माणसास जुन्या आजारपणातील इंजेक्शनांविषयी विचारणे अप्रस्तुत नाही. डोळे मिटवून, पाय जुळवून उभे करण्याची साधी परीक्षा येथे बरेच काही सांगून जाते.

ह्या सर्वांपेक्षा दुर्लक्षित असा एक प्रकार आहे. मूळ विकार बरा होतो, पण चक्कर जात नाही. तीन महिने वा अधिक काळ, बहुतेक दिवशी, उभे असताना, चालताना, आणि महाद्वार रोडवरील गर्दीसारख्या हलत्या दृश्यात ती वाढते. २०१७ साली बारानी संघटनेने ह्या विकाराचे निकष निश्चित केले. पहिल्या घेरीच्या भीतीने मनुष्य मान ताठ धरून, डोळ्यांवर फाजील विसंबून चालू लागतो, आणि संकट सरल्यावरही मेंदू ती सवय सोडीत नाही. हा विकार काल्पनिक नव्हे, की केवळ मनाचा दुबळेपणाही नव्हे. ज्याची मजुरी हजेरीवर अवलंबून आहे, ज्यास भट्टीपाशी किंवा परातीवर चक्कर आली तर प्राणाशी गाठ आहे, त्याची भीती सकारण असते. तो तक्रार लपवितो, कारण सांगितली तर काम जाईल. आणि लपविल्याने ती दृढ होते.

अशा रोग्यास घेरीची गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवणे हा सर्रास घडणारा प्रमाद आहे. ह्या गोळ्या तीव्र घेरीच्या पहिल्या दोनतीन दिवसांत उपयोगी पडतात. पुढे त्या समतोलाच्या संवेदना दडपून मेंदूला नवी घडी बसवू देत नाहीत, आणि त्यांतील काहींनी दीर्घकाळात हातपाय ताठरून कंप सुटतो. अचानक आलेल्या चक्करीसोबत जीभ जड होणे, एक वस्तू दोन दिसणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे किंवा आधाराविना उभेच न राहता येणे ह्यांपैकी काहीही असेल, तर तो मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न मानून रोग्यास तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. एरवी विश्रांतीही मर्यादेतच हितकर असते. यंत्रमागाच्या कामगारास परत कामावर आणावयाचे, तर प्रथम मान व डोळ्यांचे ठरविलेले व्यायाम घरी करवून, मग बंद मागापाशी उभे करून, नंतर एका चालू मागावर काही वेळ नजर ठेवावयास लावून, आणि शेवटी संपूर्ण पाळीवर, असा क्रम ठेवावा लागतो. त्यास काही आठवडे लागतात, आणि तेवढ्या आठवड्यांची मजुरी कोण भरणार हे औषधपत्रावर लिहिता येत नाही.