संगणकाचा गाभा व त्याचे घटक

संगणकाचा कारभार पुष्कळदा एकाच मोठ्या गाभ्यात कोंबलेला असतो. पडद्यावर चित्र उमटविणारा भाग बिघडला, तर सारे यंत्र थांबू शकते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे रचिलेल्या ‘जेनोड’ प्रणालीत निराळी योजना आहे. लहानशा गाभ्यावर ‘कोअर’ हा पहिला घटक असतो. यंत्राची स्मृती त्याच्या हाती. तो ‘इनिट’ नामक अपत्यास वाटा देतो, व ‘इनिट’ आपल्यातूनच आपल्या मुलांस देतो. एखाद्याने उधळपट्टी केली, तरी शेजाऱ्याच्या कणगीस धक्का लागत नाही!

येथे ‘लायब्ररी’ म्हणजे पुस्तके नव्हेत, तर अनेक घटकांस लागणाऱ्या आज्ञावलींचा संच. भोसरी-दिघीकडील कारखान्यांत सुटा भाग घडवून अनेक यंत्रांत बसवितात, तद्वत हा संच यंत्रभाषेत एकदा उतरवून, मागेल त्या घटकासच जोडतात. मूळ लेख बदलला, म्हणजे त्यावर अवलंबून असेल तेवढेच पुन्हा घडवावे लागते.