चोवीस हजार घरांतला खेळ

गणिताच्या तासाला बाकाखाली गणकयंत्र धरून खेळणारा विद्यार्थी शिक्षकांच्या दृष्टीने अपराधीच ठरतो. मीही पुष्कळ वर्षे शाळेत घालविली असल्याने त्याचा कैवार घेणार नाही. परंतु मुलांनो, तो खेळ त्याने स्वतःच रचलेला असेल तर? अमेरिकेतील शाळांत असे विद्यार्थी पुष्कळ होऊन गेले.

आलेख काढून दाखविणारे पहिले गणकयंत्र जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८५ साली विक्रीस आणले. त्यात आज्ञा साठविण्यास अवघी ४२२ बाइट जागा होती. बाइट म्हणजे यंत्राच्या स्मृतीतील एक लहानसे घर. त्यात इंग्रजीचे एक अक्षर मावते. पुढे अमेरिकेतील शाळांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची यंत्रे रूढ झाली. त्यांपैकी १९९९ साली निघालेल्या टीआय-८३ प्लस या यंत्रात चालू कामासाठी सुमारे २४,००० बाइट मोकळे असत. आज फोनने टिपलेले एक छायाचित्रही वीस-तीस लाख बाइट व्यापते, हे ध्यानात घ्या. शिवाय गणिताचे आलेख आणि संख्यांच्या याद्या यांनाही याच जागेत राहावयाचे असे. यंत्रात याहून मोठे एक कोठार होते खरे. पण कोठारातले धान्य जसे चुलीवर आणल्यावाचून शिजत नाही, तशी तेथील आज्ञावली चालू स्मृतीत आणल्यावाचून चालत नसे.

मग एवढ्या जागेत खेळ बसवावा कसा? यंत्राने एक सोय मुळातच केलेली होती. आपल्याकडे २०१३ सालापर्यंत तारा जात, त्या वेळची एक रीत तुमच्या आजोबांना आठवत असेल. शुभेच्छांची ठराविक वाक्ये क्रमांकाने ठरलेली असत. पाठविणाऱ्याने नुसता क्रमांक द्यावा आणि घेणाऱ्याच्या हाती सबंध वाक्य पडावे. या यंत्रातही ‘पडद्यावर दाखव’ यासारखी आज्ञा अक्षर-अक्षर न साठविता एकाच खुणेने साठविली जाई, आणि अशा बहुतेक खुणांना एकच बाइट लागे. ओळीच्या शेवटी येणारा कंस मिटविला नाही तरी यंत्र समजून घेई, म्हणून मुले तो गाळीत आणि एक बाइट वाचवीत. वहीत असा उघडा कंस मी कधीच खपवून घेतला नसता!

खरी चतुराई पुढे आहे. सापाचा खेळ घ्या. अक्षरांच्या पडद्यावर १६ स्तंभ आणि ८ ओळी असत. सापाच्या शरीराचा प्रत्येक तुकडा कोठे आहे हे लक्षात ठेवण्यास स्तंभ आणि ओळ अशा दोन संख्या लागत. यादीतील प्रत्येक संख्या, मग ती ५ असो वा ५,००,०००, ९ बाइट घेई. शंभर तुकड्यांचा साप म्हणजे १,८०० बाइट झाले. आता स्तंभाला दहाने गुणून त्यात ओळ मिळवा. बारावा स्तंभ आणि पाचवी ओळ मिळून १२५ ही एकच संख्या होते. तिला दहाने भागले की भागाकार १२ आणि बाकी ५. दोन्ही जशीच्या तशी परत मिळाली! ओळ आठाहून मोठी नसल्यामुळे घोटाळा होण्याचा संभव नाही. साप ९०० बाइटांत मावला. तोंड शरीराला लागले की काय, हे पाहण्यासही आता दोहोंऐवजी एकच संख्या ताडून पाहावी लागे. शेपटी पुसताना मात्र भागाकाराचे काम वाढे. यंत्र मंदगती असल्याने असे प्रत्येक जादा काम जाणवे, आणि साप क्षणभर अडखळे. जागा वाचवावी की वेळ, हे रचणाऱ्याने प्रत्येक वेळी ठरवावयाचे असे.

पण हा सारा संसार कितीसा टिकणार? पुष्कळ परीक्षांच्या आधी यंत्राची स्मृती पुसून टाकण्याचा नियम असे. पाटीवरून ओले फडके फिरावे तसे आठवड्याचे श्रम एका क्षणात नाहीसे होत. म्हणून शहाणी मुले परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन यंत्रे तारेने जोडीत, आणि आपला साप दुसऱ्या वर्गातील मित्राकडे मुक्कामाला धाडीत.